प्रश्नोत्तरे : कंट्रोलही चमकतो तेव्हा

प्रश्न : एनकेजी२डी-एफसी प्रोटीनने (एनकेजी२डीला अँटिबॉडीची एफसी ही शेपटी जोडलेले) के-५६२ या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशी रंगवल्या. सिग्नल छान आला, पण नुसत्या एफसीचा कंट्रोलही (तुलनेचा नमुना) तितकाच चमकतो. प्रोटीन खराब आहे का?

उत्तर : प्रोटीनला लगेच दोष देऊ नका. एनकेजी२डी हा एनके पेशींना (रोगट पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशी) चेतवणारा रिसेप्टर. तो मिका, मिकबी, यूएलबीपी या लिगंडना (रिसेप्टरशी जुळणारे रेणू) चिकटतो आणि ते के-५६२वर असतातच. पण या पेशींवर सीडी३२ हा एफसी रिसेप्टरही असतो. तुमच्या प्रोटीनची एफसी शेपटी त्यालाच धरते, आणि कंट्रोलचीही.

मानवी आयजीजीने (रक्तातली साधी अँटिबॉडी) हे एफसी रिसेप्टर आधी ब्लॉक करावेत, हा सल्ला सर्रास मिळतो. मात्र तुमची दुय्यम अँटिबॉडी (प्रोटीनला चिकटून चमक देणारी) मानवी एफसी ओळखणारी असेल, तर ती या ब्लॉकलाही पकडते आणि पार्श्वभूमी उलट वाढते. त्यापेक्षा बायोटिन जोडलेले एनकेजी२डी आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई (बायोटिनला घट्ट धरणारा चमकता रंग) वापरा. मग आयजीजीचा ब्लॉक (४ अंशांवर १५ मिनिटे) बिनधास्त चालतो. कंट्रोलचा एफसीही बायोटिनचाच हवा, नाहीतर तुलना फसवी.

एक लाख पेशी, १०० मायक्रोलिटर बफर, आणि प्रोटीन १, ५, १० मायक्रोग्रॅम प्रति मिली असे तपासा. मृत पेशी काहीही शोषतात, तेव्हा व्हायबिलिटी डाय (मृत पेशी ओळखणारा रंग) हवाच.

प्रोटीनची पावडर विरघळवण्याआधी ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोराने घुसळणे) टाळा, लहान वाटे करून गोठवा. फार पातळ द्रावण प्लास्टिकला चिकटून हरवते, म्हणून ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले प्रोटीन) घाला.