खोक्यात आलेलं कपाट किती टिकतं?

सुट्ट्या फळ्या आणून घरीच जोडायच्या कपाटांबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : तीन दारांचं कपाट तीन वर्षं छान चाललं. घर बदलताना खोलून पुन्हा जोडलं, तेव्हापासून हात लावला की डुलतं आणि दारं एकमेकांना घासतात. माल हलका निघाला का? (जळगाव)

उत्तर : मालाला लगेच दोष देऊ नका. असं कपाट ताठ राहतं ते मागच्या पातळ फळीमुळे. ती जेमतेम ३ मिमीची असते, पण चौकट काटकोनात तीच धरते. दुसऱ्यांदा जोडताना ती जुन्याच सैल भोकांत ठोकली जाते, म्हणून चौकट तिरकी होते.

आधी लेव्हल (पाणसळ) लावून पाहा. काळ्या मातीवरच्या घरांत फरशी कुठे ना कुठे खचलेली असतेच. पायाखाली पाचर देऊन कपाट समतल करा. मग ते रिकामं करून समोरून दोन्ही कर्ण मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर लांब कर्णाचे कोपरे दाबून दोन्ही मापं सारखी करा आणि मागची फळी नव्या जागी, दर चार-पाच इंचांवर बारीक स्क्रूने बसवा. स्क्रूआधी २ मिमीचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर बोर्डाची कड फुटते. हे झाल्याशिवाय बिजागऱ्यांच्या स्क्रूला हात लावू नका.

तरीही डुललं, तर मिनिफिक्सच्या, म्हणजे दोन फळ्या जोडणाऱ्या धातूच्या जोडणीच्या, पिना तपासा. पिनेचे आटे थेट बोर्डाच्या भुशात रुतलेले असतात. काढताना भुसा सुटून येतो आणि पीन नुसती फिरत राहते. आगपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. ती जोडणी टिकत नाही, कारण काडी दाबली जाते आणि पकड पुन्हा सुटते. १० मिमीच्या बिटला टोकापासून १२ मिमीवर टेप गुंडाळा, म्हणजे १८ मिमीच्या फळीतून भोक आरपार जाणार नाही. या बिटने पिनेचं सैल भोक मोठं करा. त्या भोकात लाकडी डॉवेल (गोल खुंटी) पांढऱ्या गोंदाने बसवा, रात्रभर सुकू द्या, वर आलेला भाग कापून सपाट करा आणि मध्यावर ५ मिमीचं नवं भोक पाडून पीन फिरवा. कॅमवरचा (पिनेचं डोकं पकडणाऱ्या दुसऱ्या फळीतल्या गोल चकतीवरचा) बाण पिनेकडे ठेवून साधारण अर्धा वेढा द्या, तोही हाताच्या स्क्रूड्रायव्हरने. ड्रिल मशीनने आवळलात तर कॅम तुटेल.

शेवटी वरची फळी एल पट्टी आणि प्लगने भिंतीला बांधा. घरात लहान मूल असेल तर हे काम उद्यावर टाकू नका.

प्रश्न : कपाटाची खालची कड फुगली, पट्टी सुटली. पावसाचं पाणी कधीच आत आलेलं नाही. खिडकीत कूलर मात्र आहे. (अमळनेर)

उत्तर : कारण कूलर आणि ओला पोछा, दोन्ही. मे महिन्यात बाहेर रखरखीत हवा असली, तरी खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत दमटपणा साठतो. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, कूलरचा झोत कपाटावर येऊ देऊ नका आणि भिंतीपासून दोन इंच जागा सोडा.

खालून मात्र पोछ्याचं पाणी चढतं. बाजूच्या फळीची फरशीला टेकणारी कड बहुतेक वेळा बिनपट्टीची, उघडी असते. दाबून बसवलेले लाकडाचे कण पाणी पिऊन फुगतात, गोंदाची पकड सुटते आणि नंतर बोर्ड सुकला तरी मूळ जाडीवर येत नाही. म्हणून घासून सारखं करण्यात अर्थ नाही. फुगवटा तळफळीच्या खालीच असेल, तर तेवढा भाग कापून टाका, कापलेल्या कडेला वॉर्निशचे दोन हात द्या आणि कपाट आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं मानक) प्लायवुडच्या बैठकीवर चढवा. तळफळीच फुगली असेल तर खर्च करू नका.

प्रश्न : गोधड्या ठेवून कप्पा झोळीसारखा वाकला. उलटा केला तर चालेल? (चाळीसगाव)

उत्तर : काही महिने चालेल, मग दुसऱ्या बाजूला वाकेल. वजन तेच ठेवून कप्प्याची लांबी दुप्पट केली, तर वाक आठपट होतो. मधे उभी फळी द्या, किंवा पुढच्या कडेखाली दीड इंच रुंदीची सागाची पट्टी, रुंदी उभी धरून, गोंद आणि स्क्रूने लावा. गोधड्या तळाला, साड्या वर.

प्रश्न : नवीन घेताना काय पाहावं? (धुळे)

उत्तर : दाराचा रंग आणि आरसा शेवटी पाहा. बोर्डावर आयएस १२८२३ ची खूण आहे का ते विचारा; प्रीलॅम पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचे कण दाबून केलेल्या आणि कारखान्यातच वरून थर चढवलेल्या बोर्डाचं, मानक तेच. फळी १८ मिमीची हवी. दाराच्या कडेची पट्टी २ मिमीची असेल तर उत्तम, ०.४ मिमीची पट्टी नखाने उचकटते. मागची फळी ६ मिमीची, खाचेत सरकवलेली असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. सहा-साडेसहा फुटी दाराला चार बिजागऱ्या लागतात, दोनवर ते लोंबणारच. दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्यांनी मात्र यात पडू नये, लोखंडी कपाट घ्यावं.