तिकीट कागदावरच असू द्या

प्रश्न : लहानपणापासून मी टपाल तिकिटे जमवतो. अलीकडे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी धनादेश, गहाणखते आणि काही छायाचित्रे यांचा एक गठ्ठा माझ्या हाती आला असून त्यातील बहुतेकांवर महसुली तिकिटे चिकटवलेली आहेत. कागद जीर्ण आहेत, अल्बममध्ये मावत नाहीत आणि पुष्कळ तिकिटांवर शाईने काहीबाही लिहिलेले आहे. तिकिटे पाण्यात भिजवून सोडवून घ्यावीत, की आहेत तशी राहू द्यावीत?

उत्तर : आहेत तशीच राहू द्यावीत. टपाल तिकिटांच्या छंदात मुरलेल्या माणसाचा हात सवयीनेच पाण्याच्या ताटलीकडे जातो आणि जुन्या महसुली दस्तांचे सर्वाधिक नुकसान याच सवयीने केलेले आहे. महसुली तिकीट म्हणजे कर भरल्याचा पुरावा. तो कर कोणत्या व्यवहारावर, किती रकमेवर आणि कोणत्या तारखेला भरला गेला, हे मात्र दस्तच सांगतो. तिकीट सुटे केले की ती सगळी माहिती पुसली जाते आणि हाती उरते ती बहुधा सहज मिळणारी एक वापरलेली चिठ्ठी.

आपल्या गठ्ठ्यापुरते बोलायचे तर, यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकेने 1862 मध्ये हा कर बसवला आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र असलेली तिकिटे काढली. त्या प्रत्येकावर ते कोणत्या दस्तासाठी आहे त्याचे नाव छापलेले होते : धनादेश, गहाणखत, खरेदीखत वगैरे. ही विभागणी व्यवहारात इतकी अडचणीची ठरली, की त्याच वर्षाच्या अखेरीस दस्तांवर लावायचे कोणतेही तिकीट कोणत्याही दस्ताला चालेल, अशी मुभा द्यावी लागली. म्हणून गहाणखताचे तिकीट खरोखर गहाणखतावरच लागलेले दिसले, तर संग्राहकाला त्याचे विशेष वाटते. आणि ते कळण्याचा मार्ग तिकीट कागदावर असणे हाच आहे. शाईच्या लिखाणाचे आपल्याला वाईट वाटू नये. तिकीट लावणाऱ्याने त्यावर आपली आद्याक्षरे आणि तारीख लिहून ते रद्द करावे, असा कायद्याचाच दंडक होता. आद्याक्षरे दस्तावरील सहीशी आणि तारीख दस्ताच्या तारखेशी जुळत असेल, तर ते लिखाण डाग नसून साक्ष आहे.

छायाचित्रे वेगळी काढून ठेवा. त्यांच्यावरचा कर 1 सप्टेंबर 1864 ते 1 ऑगस्ट 1866 एवढी जेमतेम दोन वर्षे होता, त्यामुळे मागच्या बाजूला असे तिकीट असलेले छायाचित्र कोणत्या दोन वर्षांत विकले गेले, हे विनासायास ठरते. तिकिटाच्या किमतीवरून छायाचित्राची किंमतही अंदाजता येते : 25 सेंटपर्यंतच्या छायाचित्राला 2 सेंट, त्यापुढे 50 सेंटपर्यंत 3 सेंट आणि त्यापुढे एक डॉलरपर्यंत 5 सेंट. छायाचित्रावर नाव-गाव नसले, तरी एवढी माहिती एका तिकिटाने दिलेली असते. दस्तांवरील बहुतेक कर 1872 मध्ये उठले. धनादेशावरचा मात्र 1883 पर्यंत राहिला, म्हणून आपल्या गठ्ठ्यात धनादेश जास्त निघाले तर नवल नाही.

पाण्याचा धोका आणखी एका कारणाने आहे. वापरलेले तिकीट धुऊन पुन्हा लावण्याची लबाडी सर्वत्र चालत असे. ती रोखण्यासाठी अनेक देशांनी पाणी किंवा रसायन लागताच विरघळणाऱ्या रंगांत महसुली तिकिटे छापली आणि अमेरिकेने 1871 पासून तिकिटांसाठी खास प्रक्रिया केलेला कागद वापरला. म्हणजे भिजवल्यावर बिघडावे, अशीच त्या तिकिटाची घडण असते. दस्तावरील शाईही फुटते, ते वेगळेच.

साठवणीसाठी आम्लरहित कागदाची पाकिटे किंवा पॉलिएस्टरच्या स्वच्छ पिशव्या वापराव्यात. दस्त उलगडून सपाट ठेवावेत, कारण जुनी घडी जिथे पडते तिथेच कागद प्रथम तुटतो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांच्या वाटेला अजिबात जाऊ नये. फाटलेला कागद फाटलेलाच राहिला तरी चालेल. नोंदी करायच्या त्या पाकिटावर, आणि दस्त आत घालण्यापूर्वी, मऊ पेन्सिलीने कराव्यात.

प्रश्न : माझ्याकडे अठराव्या शतकातील एक इंग्रजी चर्मपत्र आहे. त्यावर निळ्या कागदाचा चौकोनी तुकडा असून त्यावर उठावाचा ठसा आहे आणि मधून धातूची पट्टी आरपार गेलेली दिसते. मागच्या बाजूला एक लहानशी चिठ्ठी आहे. ही नंतर कोणी केलेली डागडुजी असावी का?

उत्तर : नाही, मुद्रांक तोच आहे. मुद्रांकित कागदाची युक्ती 1624 मध्ये नेदरलँड्समध्ये निघाली आणि इंग्लंडने फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी 1694 मध्ये ती उचलली. कागदावर उठावाचा ठसा टिकतो, चर्मपत्रावर मात्र तो सपाट होऊन जातो. म्हणून निळा कागद चर्मपत्रावर चिकटवून, मऊ धातूच्या पट्टीने तो जखडून, मग त्यावर ठसा उठवत. पट्टीची टोके मागे वाकवलेली असत आणि ती उचकटून ठसा दुसऱ्या दस्तावर नेता येऊ नये, म्हणून त्यांच्यावर राजाची आद्याक्षरे छापलेली चिठ्ठी डकवत. ती मागची चिठ्ठी शाबूत असणे ही आपल्या दस्ताची मोठी जमेची बाजू आहे. पट्टी गंजली असली, तरी ती घासू नये.

प्रश्न : साध्या दस्तावर नंतर दुर्मीळ तिकीट चिकटवून तो विकला जातो, असे ऐकले. ते ओळखावे कसे?

उत्तर : रद्द केल्याची खूण प्रथम पाहावी. हस्ताक्षर असो वा शिक्का, तो तिकिटावरून सरळ खालच्या कागदावर उतरलेला असेल, तर दोघे पहिल्यापासून एकत्र असण्याची शक्यता बरीच वाढते. रेघ तिकिटाच्या कडेशी तुटत असेल, किंवा कडेपलीकडचा भाग वेगळ्या शाईचा असेल, तर शंका घ्यावी. कागद तिरप्या उजेडात धरला, तर पूर्वीच्या मोठ्या किंवा लहान तिकिटाचा फिकट चौकोन कधी कधी दिसतो. मग हिशेब करावा : त्या रकमेच्या त्या दस्तावर त्या वर्षी कर किती होता, आणि तिकिटांची बेरीज तेवढी भरते का? लबाडी करणाऱ्याला दुर्मीळ तिकीट मिळते, पण दराचे कोष्टक तो सहसा पाहत नाही. सुरुवातीची अमेरिकी तिकिटे छिद्रित आणि अखंड अशा दोन्ही कडांची मिळतात, त्यामुळे छिद्रे कापून टाकून अखंड तिकीट ‘घडवण्याचे’ प्रकारही होतात. चारही बाजूंना मोकळी जागा पुरेशी आहे ना, ते मोजून घ्यावे.

एक सावधगिरी उलट बाजूनेही बाळगावी. तिकिटाची तारीख दस्तानंतरची दिसली, की तो लगेच खोटा ठरवू नये. मुद्रांक लावायचा राहून गेलेला दस्त पुढे अधिकाऱ्याकडे नेऊन, प्रसंगी दंड भरून, नियमित करून घेण्याची सोय होती. अशा दस्तावर बहुधा अधिकाऱ्याचा शेरा असतो, आणि माझ्या मते असा शेरा असलेला दस्त नेटक्या दस्तापेक्षा अधिक वाचनीय असतो.

प्रश्न : एका ब्रिटिश पावतीवर चक्क टपालाचे तिकीट लावलेले आहे. ही चूक समजावी का?

उत्तर : पावती 1881 नंतरची असेल, तर नाही. त्या वर्षी निघालेल्या एक पेनीच्या जांभळ्या तिकिटावर टपाल आणि अंतर्गत महसूल असे दोन्ही उल्लेख आहेत आणि ते दोन्ही कामांना चालत असे. त्यापूर्वीची पावती असेल, तर तिकीट मागाहून लागले आहे का, हे वर सांगितलेल्या रीतीने तपासावे.