नोटिशीआधी इंजिन उघडू नका

पारोळा तालुक्यातील एका शिक्षकांचे पत्र आले आहे. फेब्रुवारीत त्यांनी जळगावच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून सात आसनी डिझेल गाडी साडेचार लाखांना घेतली. मीटरवर १,१८,००० किलोमीटर होते आणि पावतीवरही विक्रेत्याने तोच आकडा लिहून दिला आहे. एप्रिलमध्ये कन्नड घाट चढताना गाडी तापली आणि तेव्हापासून ती हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते, निळा धूर सोडते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्टेपनीखाली २०२१ सालचे सर्व्हिस बिल सापडले. त्यावर १,८६,००० किलोमीटरची नोंद आहे. आता ऑगस्ट संपत आला असून गॅरेजवाला ‘हाफ इंजिन’ (इंजिन उघडून पिस्टन-रिंग बदलण्याची दुरुस्ती) करायला ९५ हजार सांगतो. गुरुजी विचारतात, ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षे आहेतच, तर आधी इंजिन करून घेऊन मग बिलासह तक्रार करावी का?

नाही. धुळे, नंदुरबारकडूनही गेल्या वर्षभरात याच चुकीची पत्रे आली आहेत, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ मधील दोन वर्षे ही तक्रार दाखल करण्याची मुदत आहे. विक्रेत्याला कळवण्याची नव्हे. माल नाकारण्याचा हक्क वेगळ्या घड्याळावर चालतो. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे, खरेदीदाराने माल नाकारल्याचे न कळवता तो वाजवी काळापलीकडे स्वतःकडे ठेवला, तर त्याने तो स्वीकारला असे धरले जाते, आणि एकदा स्वीकारला की कलम १३ नुसार शर्तभंगाकडेही (कराराची मुख्य अट मोडण्याकडेही) साधारणतः केवळ हमीभंग (दुय्यम आश्वासन मोडणे) म्हणून पाहता येते. म्हणजे गाडी परत देऊन पूर्ण रक्कम मागण्याची वाट बंद होऊन नुकसानभरपाईची तेवढी उरते. ‘वाजवी काळ’ किती, हे कलमात दिवसांत मोजलेले नाही, ते प्रकरणाच्या परिस्थितीवर ठरते. परंतु एप्रिल ते ऑगस्ट या काळात तुम्ही विक्रेत्याला अकरा वेळा फोन केला आणि एकदाही चार ओळी लिहून पाठवल्या नाहीत. ‘उन्हाळा आहे, पाऊस पडू द्या, बघू’ हे त्याचे उत्तर तुमच्या कानात आहे, कागदावर कुठेच नाही.

त्याहून मला खटकले ते पत्रातील जाता जाता आलेले वाक्य, की जुने बिल सापडल्यानंतरही गाडी सहकुटुंब शेगावला जाऊन आली. खोट्या माहितीवर केलेला करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ खाली रद्द करता येतो. मात्र खोटेपणा कळल्यावरही त्या कराराचा लाभ घेत राहणाऱ्याने तो कायम केला, असा युक्तिवाद समोरचा वकील पहिल्याच तारखेला करील. गाडी परत करून साडेचार लाख मिळतील असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. माझ्या मते तो दावा बराचसा हातचा गेला आहे.

भरपाईचा दावा मात्र जिवंत आहे, आणि इंजिन न उघडता उभे आहे तोवरच तो भक्कम आहे. या दाव्याचा गाभा नीट समजून घ्या. जास्त चाललेली गाडी म्हणजे सदोष गाडी नव्हे. वेळच्या वेळी ऑइल व कूलंट बदललेले डिझेल इंजिन अडीच-तीन लाख किलोमीटरही चालते, आणि नोंदी असलेली दोन लाखांची गाडी बिननोंदीच्या लाखाच्या गाडीपेक्षा बरी असू शकते. तेव्हा ‘इंजिन गेले’ हा तुमचा खटला नाही. ‘लिहून दिलेला आकडा खोटा आहे, आणि त्या आकड्यावर मी किंमत दिली’ हा आहे. मागायचा आहे तो सांगितलेल्या गाडीच्या व प्रत्यक्ष मिळालेल्या गाडीच्या किमतीतील फरक, आणि त्याच्या जोडीने दुरुस्तीचा वाजवी खर्च.

हे सिद्ध करायचे तर झीज इंजिनातच दिसली पाहिजे. गॅरेजवाल्याने हेड उतरवून, बोअर करून, नवे पिस्टन-रिंग घातले की विक्रेता शांतपणे म्हणेल, एप्रिलमध्ये पाणी न घालता गाडी तापवली आणि तीच सारी झीज. खानदेशातल्या उन्हाळ्यात हे कोणालाही पटेल. म्हणून याच आठवड्यात स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस पाठवा. तीत पावतीवरील आकडा, जुन्या बिलावरील आकडा, दोष लक्षात आल्याच्या तारखा आणि तपासणीचा दिवस लिहा, व ‘आपण किंवा आपला मेकॅनिक हजर राहा, न आल्यास तपासणी आपल्या गैरहजेरीत होईल’ असे स्पष्ट कळवा. त्या दिवशी ऑटोमोबाइल शाखेच्या अभियंत्याकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब), ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने निसटणारा वायू), मीटरचे छायाचित्र व इंजिन क्रमांक यांची लेखी, सहीची नोंद घ्या. मग खुशाल इंजिन उघडा, पण काढलेले पिस्टन, रिंग, बेअरिंग भंगारात देऊ नका. पोत्यात बांधून खूण करून घरी ठेवा. आयोगामार्फत तपासणी करून घेण्याची तरतूद ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये आहे, आणि अशा प्रकरणात पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असेही तिथेच लिहिले आहे. मी ते पाच महिने क्वचितच पाच महिन्यांत संपलेले पाहिले आहेत. तोवर गाडी गॅरेजच्या अंगणात सडू देणे तुम्हाला परवडणार नाही, म्हणूनच हा खटाटोप आधी करायचा.

पावतीमागच्या ‘पाहून, चालवून, आहे त्या स्थितीत घेतली’ या ओळीने तुम्ही घाबरला आहात. दर्जाविषयीच्या गर्भित शर्ती (लिहिलेल्या नसल्या तरी कायदा धरून चालतो त्या) त्या ओळीने बऱ्याच अंशी बाद होऊ शकतात, आणि विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी अजिंठा चौफुलीपर्यंत फिरवून तुम्ही व्यवहार उरकलात, हे तुमच्या बाजूचे नाही. तरी स्वतःच्या हाताने लिहिलेला खोटा आकडा त्या ओळीखाली झाकता येईल असे मला वाटत नाही. मीटर आधीच्या मालकाने फिरवले, मला ठाऊक नव्हते, असे विक्रेता म्हणेल. तसे ठरले तर फसवणूक सिद्ध होणे अवघड, आणि कलम १९ चा अपवादही (साध्या दक्षतेने खरे कळू शकत असेल तर करार रद्द करता येत नाही) तुमच्याविरुद्ध येईल, कारण गाडीच्या क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली असती तर खरे कळू शकत होते. त्या नोंदींची प्रत अजूनही मागवा.

‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हा बचावही येईल. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन विभागाचे अधिकारपत्र लागते आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. ती नोंद आहे का, हे आरटीओत पाहा. नसली तरी त्याच्या नावाची पावती व त्याच्या खात्यात गेलेले तीन लाख उपयोगी पडतील. उरलेले दीड लाख तुम्ही रोख, पावतीविना दिले. ते दिल्याचे सिद्ध करणारा साक्षीदार असेल तर त्याचे नाव आत्ताच मला कळवा.

तक्रार जळगाव जिल्हा आयोगात चालेल. तुम्ही जिल्ह्यातच राहता आणि दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. पोलिसांकडे जाण्याची घाई करू नका, ते बहुधा दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. नोटीस पोस्टात टाकल्याची पावती हाती आली की तिची प्रत आणि ते २०२१ चे मूळ बिल घेऊन भेटा. बिल लॅमिनेट मात्र करू नका.