होम असिस्टंट वायफायवरून गायब होतो: आधी कोणता दुवा तुटतो ते शोधा

तुमचा प्रश्न नीट वाचला. मला समजलं ते असं. घर सांगलीत गावभागात, तळमजला आणि वर एक मजला. घरी आई-बाबा, तुम्ही पुण्याला. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर), त्याला यूएसबीने एसएसडी (साठवणुकीची डिस्क) जोडलेली, आणि हा सर्व्हर वायफायवर. खाली हॉलमध्ये केबलवाल्याने बसवलेला ओएनटी (फायबरचं इंटरनेट घरात आणणारा डबा), तिथून जिन्यातून एक केबल वर नेऊन तिला तुमचा स्वतःचा राऊटर. दोन्ही मजल्यांवर ईएसपीहोमचे स्विच (ते सॉफ्टवेअर घातलेले, वायफायवरून चालणारे). तक्रारी चार: खाली बसलं की अ‍ॅप उघडत नाही, वर गेलं की उघडतं. लाईट जाऊन आली की खालचे स्विच 'अनअव्हेलेबल' दिसतात, वरचे मात्र ठीक असतात. त्यानंतर खालचे दिवे मधूनमधून आपोआप बंद पडतात. आणि पहाटे चारनंतर कधीतरी सर्व्हरच काही मिनिटं नाहीसा होतो. म्हणून आता सगळं पुसून नव्याने टाकायचं आणि महागडा मेश राऊटर (अनेक डब्यांनी घरभर एकच वायफाय देणारा) घ्यायचा विचार आहे.

दोन्ही करू नका. नव्याने टाकलं तरी हेच चारही दोष परत येतील, कारण दोष होम असिस्टंटमध्ये नाहीत. मेशचे पैसेही वाचवा. घरात लागणारं सगळं सामान तुमच्याकडे आहे, फक्त मांडणी बदलायची आहे.

वायफायची तक्रार आली की मी आधी एवढंच विचारतो: तुटतंय ते कुठे? फोन ते सर्व्हर, सर्व्हर ते राऊटर, की राऊटर ते स्विच? तिन्ही वेळा पडद्यावर दिसतं एकच, 'कनेक्शन नाही'. पण तिन्हींची औषधं वेगळी. तुमच्या घरात तर दोन दुवे वेगवेगळ्या कारणांनी तुटताहेत, म्हणून एक उपाय केला की दुसरं दुखणं राहतं आणि काहीच लागू पडत नाही असं वाटतं.

खरं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.०.१०५ आणि खालच्या स्विचांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे. म्हणजे घरात एक नेटवर्क नाही, दोन आहेत. ओएनटी खाली स्वतःचं नेटवर्क चालवतो. वरच्या राऊटरला त्याची केबल वॅन पोर्टात (बाहेरचं इंटरनेट घेणाऱ्या पोर्टात) दिली आहे, त्यामुळे तो त्या नेटवर्कच्या आत आपलं दुसरं नेटवर्क तयार करतो. आतल्याला बाहेरचं गाठता येतं, बाहेरच्याला आत येता येत नाही. खाली बाबांचा फोन ओएनटीचं वायफाय धरतो, म्हणजे तो बाहेर उभा आहे. त्याला सर्व्हर दिसणारच नाही. इंटरनेट मात्र दोन्हीकडे व्यवस्थित चालतं, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. केबलवाल्याचा ओएनटी आणि वर आपला राऊटर अशी मांडणी आपल्याकडे घरोघरी आहे.

आता लाईट जाण्याचं. ईएसपीहोममध्ये सर्व्हर स्वतः स्विचला गाठतो. म्हणून पत्ता माहीत असेल तोवर आतला सर्व्हर बाहेरच्या खालच्या स्विचांशी बोलू शकतो, आणि एरवी तुमचं सगळं सुरळीत चालतं. पण तुमचा इन्व्हर्टर वर आहे आणि हॉलमधला प्लग त्याच्यावर नाही. लाईट गेली की ओएनटी बंद पडतो. परत चालू झाल्यावर तो पत्ते नव्याने वाटतो, आणि ज्या स्विचच्या पत्त्याच्या शेवटी आधी २३ होता त्याला आता ३१ मिळतो. एकाच नेटवर्कमध्ये असते तर स्विचने 'मी इथे आहे' अशी हाक दिली असती आणि होम असिस्टंटने नवा पत्ता टिपून घेतला असता. या हाकेला एमडीएनएस म्हणतात, आणि ती राऊटर ओलांडून पलीकडे जात नाही. सर्व्हर जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो.

आणि दिवे आपोआप बंद होतात त्यात रिलेचा (स्विचमधल्या, दिवा चालू-बंद करणाऱ्या भागाचा) दोष नाही, रिले बदलू नका. ईएसपीहोमच्या एपीआय (सर्व्हरशी बोलण्याच्या) विभागात 'रिबूट टाइमआउट' नावाची एक गोष्ट असते. ती मुद्दाम लिहिली नाही तर १५ मिनिटं धरली जाते. तेवढा वेळ सर्व्हर भेटला नाही की स्विच स्वतःला रीस्टार्ट करतो, आणि त्यात चालू दिवा जातो. सर्व्हर सापडेपर्यंत हे दर १५ मिनिटांनी चालू राहतं. एपीआयखालचा हा आकडा शून्य करा, म्हणजे सर्व्हर मेला तरी भिंतीवरचं बटण आणि दिवा आपलं काम करत राहतील. वायफाय विभागातला तसाच आकडा मात्र असू द्या. खरोखर अडकलेलं वायफाय त्याने सुटतं.

मांडणी कशी बदलायची ते सांगतो. साधा मार्ग असा: वरच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' शोधा आणि तो चालू करा. मग राऊटर स्वतः पत्ते वाटणं सोडून देतो आणि दोन्ही मजले एकाच नेटवर्कमध्ये येतात. हा मोड नसेल तर राऊटरचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला १९२.१६८.१ च्या मालिकेतला एखादा मोकळा पत्ता द्या आणि खालून आलेली केबल वॅनऐवजी लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात घाला. वरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड अजिबात बदलू नका, म्हणजे वरच्या स्विचांना हात लावावा लागणार नाही. खालचंही तसंच राहू द्या. नावं दोन असली तरी चालतात, नेटवर्क एक हवं. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवा. अशा स्विचांत असणाऱ्या ईएसपी८२६६ चिपला डब्ल्यूपीए३ झेपत नाही, आणि ती चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. वर आणि खाली २.४ चे चॅनल वेगळे ठेवा, १, ६ आणि ११ यांपैकी दोन.

पण गावभागात राहणाऱ्याला मी दुसरा मार्ग सुचवेन. २०१९ च्या पुरानंतर तुम्ही इन्व्हर्टर वर नेलात, २०२१ ला पुन्हा पाणी आलं, आणि ओएनटी अजून खालीच टांगलेला आहे. केबलवाल्याला बोलवा आणि फायबर वर चढवून ओएनटी इन्व्हर्टरशेजारी बसवून घ्या. मग जिन्यातली तीच केबल उलट कामाला येते. वर ओएनटी, खाली तुमचा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून. या मार्गात मात्र वायफायची नावंही अदलाबदल करा, ओएनटीला आता वरचं नाव आणि राऊटरला खालचं, म्हणजे स्विचांना काही कळणार नाही. लाईट गेली तरी इंटरनेट आणि सर्व्हर चालू राहतात, आणि पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की खालचा एक स्वस्त राऊटर तेवढा उचलायचा. फायबर हलवायला केबलवाला का-कू करेल, थोडे पैसेही घेईल. तरी करून घ्या. ते होईपर्यंत राऊटरसाठी मिळतो तो छोटा डीसी यूपीएस ओएनटीला लावा. घेताना अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या, बहुतेक १२ असतं.

पहाटेच्या गायब होण्याचं कारण वेगळं आहे. वेळ ठरलेली असली की समजावं, तेव्हा मशीनमध्ये काहीतरी चालू होतं. होम असिस्टंट रोज पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी काढून टाकतो. आपोआप बॅकअप लावला असेल आणि त्याची वेळ तुम्ही बदलली नसेल तर तोही पावणेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान होतो. दोन्ही वेळा एसएसडीवर सलग लिहिणं चालतं. अशा वेळी दोन गोष्टी होतात. एक म्हणजे वीज कमी पडते. तुम्ही मोबाइलचा चार्जर लावला आहे असं लिहिलंय. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय हवा. चार्जर ५ व्होल्ट देतो, बारीक वायरीत त्यातलंही थोडं गळतं, आणि ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड 'व्होल्टेज कमी' अशी तक्रार नोंदवतो. होम असिस्टंटमध्ये ही तक्रार दाखवणारी सोय आहे, रास्पबेरी पाय पॉवर सप्लाय चेकर या नावाने. ती काय दाखवते ते बघा. दाखवो न दाखवो, चार्जर बदलाच.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. यूएसबी ३ वर डेटा धावतो तेव्हा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट होतो. हे इंटेलनेच २०१२ साली सविस्तर मांडलं होतं. पाय ४ वर वायफायचा अँटेना बोर्डावरच, एसएसडी निळ्या (म्हणजे यूएसबी ३ च्या) पोर्टात, वायर आखूड, आणि सगळं लोखंडी कपाटावर ठेवलेलं. एसएसडी लिहायला लागली की राऊटरचा आवाज त्या गोंगाटात बुडतो. पडताळायचं असेल तर बाबांना सांगून मशीन नीट बंद करा, एसएसडी निळ्यातून काढून काळ्या (यूएसबी २ च्या) पोर्टात लावा आणि दोन-तीन पहाटे जाऊ द्या. होम असिस्टंटला यूएसबी २ चा वेग पुरतो.

पण खरा उपाय केबल. ज्याच्या भरवशावर सगळं घर चालतं ते मशीन वायफायवर ठेवू नये, या मताचा मी फार पूर्वीपासून आहे. तुमच्या बाबतीत तर नवी केबल ओढायचीही गरज नाही. राऊटर, किंवा पुढे ओएनटी, वरच्या खोलीत आहे. सर्व्हर शेजारच्या खोलीतून उचलून त्याच्याजवळ ठेवा आणि हातभर पॅच केबल लावा. मग होम असिस्टंटच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन वायफाय बंद करा. केबल आणि वायफाय दोन्ही चालू ठेवले तर एकाच मशीनला दोन पत्ते मिळतात आणि नवीन गोंधळ होतो. वायफायचं पॉवर सेव्ह बंद करा, देशाचा कोड बदला, असे उपाय तुम्हाला सगळीकडे सापडतील. ते खोटे नाहीत, पण केबल लागल्यावर त्यांचं काम उरत नाही.

पत्ता कायमचा करायचा तो ओएनटीमध्ये रिझर्व्ह करून. सर्व्हरवर हाताने टाकू नका. उद्या ओएनटी जळला आणि केबलवाल्याने दुसरा आणून लावला, तर काहींची मालिका १९२.१६८.१ असते आणि काहींची १९२.१६८.१००. हाताने पत्ता टाकलेला सर्व्हर त्या दिवशी कुणालाच सापडणार नाही, आणि तुम्ही पुण्यात असाल. केबलच्या पोर्टाचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) वायफायच्या मॅकपेक्षा वेगळा असतो, रिझर्व्ह करताना केबलचाच द्या. ओएनटी बदलला तर नव्याला आधीचंच नाव आणि पासवर्ड द्यायला सांगा. सगळे स्विच आपोआप परत येतात.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, मला ती सगळ्यात काळजीची वाटली. तळमजल्यावरची पाण्याची मोटर वरच्या टाकीतल्या सेन्सरवरून सर्व्हर बंद करतो. म्हणजे सर्व्हर हरवलेला असेल तर मोटर चालूच राहणार. टाकी वाहील किंवा हौद रिकामा होऊन मोटर कोरडी फिरेल, आणि घरात दोन वयस्कर माणसं. बाकी काही नंतर केलं तरी चालेल, हे पुढच्या खेपेला सांगलीत उतरलात की लगेच करा. वायरमनकडून टाकीत फ्लोट स्विच बसवून तो मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला सीरिजमध्ये घ्या. टाकी भरली की वीजच तुटेल, वायफाय असो वा नसो. हौदातही तसाच एक फ्लोट घाला, पाणी संपलं की बंद होणारा. जोडीला ईएसपीहोममध्ये त्या स्विचवरच वेळेची मर्यादा लिहा: चालू झाल्यावर टाकी भरायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ थांबून स्वतः बंद. रिस्टोअर मोड 'ऑलवेज ऑफ' ठेवा, म्हणजे लाईट आल्यावर मोटर आपणहून सुरू होणार नाही. आणि छोट्या रिलेवरून मोटर थेट चालवत असाल तर ते ताबडतोब थांबवा. सुरू होतानाचा करंट त्या रिलेचे संपर्क चिकटवतो, आणि मग तुम्ही पुण्याहून कितीही 'ऑफ' दाबलंत तरी ती थांबत नाही.

हे सगळं झाल्यावर होम असिस्टंटमध्ये पिंगची (पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी) सोय चालू करा आणि तिला तीन पत्ते द्या: ओएनटी, खालचा किंवा वरचा तुमचा राऊटर, आणि बाहेरचा ८.८.८.८. इतिहासात तिघांच्या तीन पट्ट्या दिसतील. फक्त शेवटची तुटली तर केबलवाल्याला फोन करा. ओएनटी वर नेला असेल आणि राऊटरची एकटीच तुटली, किंवा ओएनटी खालीच असेल आणि राऊटरची सोडून बाकी दोन्ही तुटल्या, तर जिन्यातली केबल किंवा तिचं टोक तपासा, उंदरांनी कुरतडलेलंही असू शकतं. तिन्ही एकदम तुटल्या तर सर्व्हरचा सप्लाय किंवा पॅच केबल बघा. तिन्ही अखंड आणि तरी एखादा स्विच जात असेल, तर त्या स्विचच्या वायफाय सिग्नलचा आकडा मला कळवा. उणे ६० च्या घरात असेल तर जागा ठीक आहे, उणे ८० च्या आसपास असेल तर त्या जागेसाठी वेगळा विचार करावा लागेल.