पत्र्यावरचं पाणी उन्हाळ्याला पुरेल का?

प्रश्न (आटपाडी तालुक्यातील शेतकरी): साहेब, घर २० बाय ३० फुटांचं, वर पत्रा. पाच माणसं, दोन संकरित गाई. पत्र्याचं पाणी साठवलं तर उन्हाळ्यात टँकर बंद होईल का?

उत्तर: दादा, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी भागेल, गाईंचं भागणार नाही.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं छप्पर ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५५ चौरस मीटर. उतारावरून टेप धरू नका, पत्र्याखाली जमीन किती झाकली जाते तेवढंच मोजा. पत्र्यावरचं ८५ टक्के पाणी हाती लागतं असं धरा. कौलांवर आणि स्लॅबवर त्याहून कमी. ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर २३ हजार लिटर होतात. पण हा आकडा धरून टाकी बांधू नका. पाऊस ३०० वर थांबला तर १४ हजारच मिळतात, आणि टँकर लागतो तो अशाच वर्षी. आपल्या महसूल मंडळाचे मागच्या दहा-पंधरा वर्षांचे पावसाचे आकडे काढा आणि त्यातलं कमी पावसाचं वर्ष धरा.

पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरले तर घराला रोज ५० लिटर लागतात. फेब्रुवारी ते जूनचा मध्य, १३५ दिवसांचे पावणेसात हजार. पैपाहुणा, लग्नकार्य धरून १० हजारांची टाकी पुरे: आतून अडीच मीटर लांब, दोन रुंद, दोन खोल. नळाला किंवा हातपंपाला पाणी आहे तोवर या टाकीला हात लावायचा नाही.

बरेच जण दोन हजारांची प्लॅस्टिकची टाकी ठेवतात. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, तोही दणक्यात. एका रात्री ६० मिलिमीटर पडला तर तुमच्या पत्र्यावरून २,८०० लिटर येतील. टाकी भरून वाहील आणि पुढचा पाऊस अंगणातून ओढ्याला जाईल. म्हणून आधी टाकी, मग पन्हाळी.

पहिल्या पावसाचं शंभरेक लिटर पाणी बाहेर सोडा. त्यात धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. टाकी झाकलेली हवी, आत ऊन गेलं की शेवाळ धरतं. पिण्याचं पाणी उकळून घ्या.

दोन गाई रोज शंभर-सव्वाशे लिटर पितात, म्हणजे अख्खी टाकी तीन महिन्यांत संपेल. त्यांची सोय विहिरीवर किंवा शेततळ्यावरच करा. टाकी भरल्यावर वाहणारं पाणी मात्र गाळणखड्ड्यातून बोअरला सोडा.