पैसे मोजून रिलोडिंगचा डेटा घ्यावा का?

प्रश्न : नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो, बँकेतनं रिटायर झालोय. मुलगी-जावई टेक्सासला असतात. जावयांना रायफल शूटिंगचा नाद आहे आणि हल्ली ते काडतुसं विकत न आणता घरीच भरतात, रिलोडिंग म्हणतात म्हणे त्याला. दिवाळीला त्यांना काय द्यावं हा दरवर्षीचा घोळ, कपडे पाठवले तर अंगात बसत नाहीत, शेंगाचटणी मुलगीच संपवते. यंदा मुलीलाच विचारलं तर म्हणाली की एका वेबसाइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन द्या, चाळीसेक डॉलरचं, त्यात कुठल्या काडतुसात कुठली पावडर किती भरायची याचे आकडे असतात. आता मला सांगा, असले आकडे पावडर विकणाऱ्या कंपन्या फुकट देतच असतील की ओ? मग पैसे कशाला घालवायचे? का फुकटातले आकडे धोक्याचे असतात?
— एक सासरे

उत्तर : काका, तुमचा अंदाज बरोबर आहे, कंपन्या फुकट देतात. तरी लगेच नाही म्हणू नका. आधी मुलीकडनं एवढंच काढून घ्या की जावई नेमकी कुठली काडतुसं भरतात. .308 किंवा .223 सारखं एखाद-दुसरं रोजचं काडतूस असेल तर चाळीस डॉलर वाचवा. पण त्यांच्याकडं जुन्या, आता कुणी बनवत नाही अशा रायफली असतील, किंवा पाच-सहा वेगवेगळी काडतुसं ते भरत असतील, तर घेऊन टाका, पैसे वसूल आहेत.

आता हे असं का ते सांगतो. काडतुसाचे चार भाग, पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला प्रायमर (पिन आपटली की पावडर पेटवणारी टिकली), आत पावडर आणि तोंडाला बुलेट. फायर झाल्यावर पुंगळी शाबूत राहते, बाकीचं जातं, म्हणून पुंगळी परत वापरायची हा सगळा खेळ. आणि पावडर किती हे कुणी मनानं ठरवत नसतं. छापील डेटाच्या एका ओळीत बुलेटचं वजन, पावडरचं नाव, प्रायमर, भरलेल्या काडतुसाची एकूण लांबी, कुठल्या लांबीच्या नळीतून टेस्ट केलं, वेग किती आला, आत प्रेशर किती झालं असं सगळं असतं आणि पावडरचे दोन आकडे, एक सुरुवातीचा आणि एक कमाल. भरणारा सुरुवातीच्या आकड्यापासनं थोडंथोडं वर सरकतो आणि कमालच्या पुढं जायचं नाही. मोजमाप ग्रेनमध्ये, एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम, पौंडात 7000 ग्रेन. प्रेशरचं म्हणाल तर .308 विंचेस्टरला अमेरिकेतल्या सामी या संस्थेची मर्यादा 62,000 पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पौंड दाब, आहे, आणि हे सगळं नेमबाजाच्या गालापासनं काही इंचांवर घडत असतं, त्यामुळं आकडा कुठनं आला याला महत्त्व.

हॉजडनसारखी मोठी पावडर कंपनी आपला डेटा वेबसाइटवर फुकट ठेवते. धर्मादाय म्हणून नाही, डेटा नसेल तर पावडर खपणार कशी? हे आकडे लॅबमध्ये, प्रेशर मोजायच्या खास नळ्यांमधनं काढलेले असतात, त्यामुळं फुकट म्हणजे कच्चे असं काही नाही, उलट ज्याची पावडर त्याचाच डेटा हा सगळ्यात भरवशाचा. धोक्याचं फुकट वेगळंच, कुणीतरी ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो टाकतो, खाली 'माझ्या रायफलमध्ये मस्त चालतं' असं लिहितो, त्याची रायफल वेगळी, पुंगळी वेगळी, आणि आकडा त्यानं नीट लिहिला का तेही देव जाणे.

मग पैसे देऊन मिळतं काय? मिळतो तो साठा आणि शोधायची सोय. पावडरवाला फक्त स्वतःच्या पावडरीचा डेटा देतो, बुलेटवाला स्वतःच्या बुलेटचा, आणि पैसेवाल्या साइटवर हे सगळं एका ठिकाणी, शिवाय जुन्या मासिकांतले लोड, म्हणजे कुठल्या काडतुसात काय नि किती भरायचं याचे छापलेले मेळ. अमेरिकेत 'हँडलोडर' नावाचं रिलोडिंगचंच मासिक 1966 पासनं निघतंय, त्यातल्या अशा जुन्या काडतुसांवरच्या लेखांचा डेटा दुसरीकडं शोधायचा म्हणजे रद्दीचे गठ्ठे उपसणं आलं. ज्याला .300 सॅव्हेज किंवा .303 ब्रिटिश भरायचंय, आणि तेही घरात शिल्लक असलेल्याच पावडरीनं, त्याचा यात खूप वेळ वाचतो. पण पैसे दिले म्हणून आकडा जास्त सुरक्षित झाला असं नाही, हे जावयांनाही सांगा, सासऱ्यानं सांगितलेलं ऐकतील न ऐकतील तो भाग वेगळा.

उलट साठा जेवढा जुना तेवढं जपून. जुना डेटा म्हणजे मागच्या सालचं पंचांग, दिसायला सगळं जागच्या जागी पण मुहूर्त आजचा नाही. पूर्वी प्रेशर मोजायला तांब्याचा छोटा ठोकळा किती चेपला ते बघायचे, त्याचं एकक सीयूपी, आता इलेक्ट्रॉनिक सेन्सरनं पीएसआयमध्ये मोजतात आणि ही दोन एककं एकमेकांत सरळ बदलता येत नाहीत. काही काडतुसांच्या कमाल मर्यादा नव्या मोजणीनंतर खाली आल्यात. म्हणून साइट घ्यायच्या आधी एक गोष्ट जरूर बघायला लावा, प्रत्येक लोडपुढं तो कुठनं आला आणि कुठल्या साली हे लिहिलंय का. नसेल लिहिलं तर एक डॉलरलासुद्धा महाग.

पावडरच्या नावांचा गोंधळ तर विचारूच नका. आयएमआर कंपनीची आयएमआर 4831 आणि हॉजडनची एच 4831, आकडा तोच पण पावडरी दोन, पहिली जरा जलद जळते, दुसरी सावकाश, एकीचा डेटा दुसरीला लावला तर प्रेशर भलतीकडं जाऊ शकतं. 4350 चंही तसंच. आणि गंमत म्हणजे हॉजडननं 2003 मध्ये आयएमआर कंपनीच विकत घेतली, म्हणजे आता दोन्ही डबे एकाच घरातनं बाहेर पडतात. याच्या उलटं उदाहरण, एच 110 आणि विंचेस्टर 296, नावं दोन आणि पावडर एकच. साइटच्या सर्चमध्ये नुसतं 4831 टाकल्यावर दोन्ही एकाखाली एक येतात, रात्री दमून बसलेला माणूस कुठली ओळ वाचेल सांगता येत नाही.

अजून एक प्रकार असतो तो कॉम्प्युटरवर गणित करून आकडे देणारा, जर्मनीचा क्विकलोड पैसे देऊन मिळतो, गॉर्डन्स रिलोडिंग टूल फुकट आहे. ही गणितं हुशार असतात, पण तो अंदाज, मोजलेलं प्रेशर नव्हे. ज्यानं बरीच वर्षं भरलीयत त्याला समजून घ्यायला ठीक, नवख्यानं त्याच्यावर विसंबून काडतूस भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टेक्सास म्हणालात म्हणून सांगतो, तिकडचा उन्हाळा आपल्या मे महिन्याचा चुलतभाऊच. बऱ्याच पावडरी तापल्या की प्रेशर वाढवतात, आणि लॅबमधल्या टेस्ट बेताच्या तापमानात झालेल्या असतात. डिसेंबरात कमालला टेकवलेलं काडतूस ऑगस्टात गाडीच्या डॅशबोर्डवर तापवून झाडायचं नसतं, आणि हे कुठल्याही सबस्क्रिप्शनमधला तक्ता त्यांच्या रायफलपुरतं सांगणार नाही.

पैशाचं बघा, तिकडं पावडरचा पौंडाचा डबाच आता चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात गेलाय, त्यात रायफलची दीडेकशे काडतुसं होतात, म्हणजे सबस्क्रिप्शन काही जिवावर यायसारखं नाही. तरी मला विचाराल तर ते वापरतात त्या बुलेट कंपनीचं ताजं छापील मॅन्युअल आणि वजनकाटा तपासायची वजनं एवढं दिवाळीला द्या. मॅन्युअलची सुरुवातीची शंभरेक पानं कुणी वाचत नाही पण खरी विद्या तिथंच असते, पुंगळी कशी तपासायची, प्रेशर जास्त झाल्याच्या खुणा कुठल्या, हे सगळं. आणि काटा चुकला तर फुकटचा काय नि विकतचा काय, सगळाच डेटा चुकला. सबस्क्रिप्शनच घ्यायचं ठरलं तर पैसे मुलीच्या इथल्या खात्यात टाका, तिला तिकडच्या कार्डानं भरू द्या, आणि आपोआप रिन्यू होणारं बटण पहिल्याच दिवशी बंद करायला सांगा.

प्रश्न : बार्शी तालुक्यात शेती आहे. आजोबांच्या काळची बारा बोअर डबल बॅरल आहे, लायसन माझ्या नावावर झालंय. काडतुसं लई महाग झालीत, रिकाम्या पुंगळ्या पोत्यानं पडल्यात. असा ऑनलाइन डेटा घेऊन घरी भरल्या तर चालतंय का?
— एक शेतकरी

उत्तर : नाही, दादा. तुमचं लायसन बंदूक आणि काडतुसं बाळगायचं आहे, काडतूस बनवायचं नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणं दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे. वर घरात बंदुकीची दारू आणून ठेवली की स्फोटकांच्या कायद्याचं झेंगट वेगळंच. डेटा वाचायला कुणाची ना नाही, पण त्याच्यावर पैसे घालून तुम्ही करणार काय? ती पुंगळ्यांची पोती पण घरात साठवू नका, त्यांचं काय करायचं ते लायसनवाल्या डीलरला विचारा.

तुमच्या लायसनवर वर्षाला किती काडतुसं घेता येतात ते लिहिलेलं असतं, तेवढी डीलरकडनं घ्या. काही शंका असेल तर ग्रामीण भागाला कलेक्टर ऑफिसची शस्त्र परवान्याची शाखा, सोलापूर शहरात असाल तर पोलिस आयुक्तालय. एक मात्र आवर्जून सांगतो, आजोबांच्या काळची बंदूक आहे तर तिचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) 65 मिलिमीटरचं आहे का 70 चं हे लायसनवाल्या गनस्मिथकडनं बघून घ्या, बऱ्याच जुन्या बारा बोअर 65 च्या असतात आणि आजचं 70 चं काडतूस आत बसतं पण उघडायला जागा पुरत नाही, प्रेशर वाढतं. हे पैसे काडतुसांच्या आधी खर्च करा.

प्रश्न : मी सोलापुरात कॉलेजला आहे, 10 मीटर एअर रायफल करते, पुढं 50 मीटरला जायचंय. आमच्यासाठी असा काही पेड डेटा असतो का? स्वप्नील कुसाळेसारखे मोठे नेमबाज स्वतःची काडतुसं भरतात का?
— एक नेमबाज

उत्तर : ताई, एअर रायफलमध्ये पावडरच नाही, दाबलेल्या हवेवर 4.5 मिलिमीटरचा पेलेट जातो, त्यामुळं भरायचं काही नाही आणि डेटाही नाही. 50 मीटरला .22 रिमफायर वापरतात, त्यात पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, पिन त्या कडेवर आपटली की कड चेपते, म्हणून ती पुंगळी परत भरायच्या भानगडीत स्पर्धेचे नेमबाज पडत नाहीत. कांबळवाडीच्या स्वप्नीलनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं ब्राँझ घेतलं, तो इव्हेंट याच .22 चा.

तुमच्या खेळात डेटाची जागा लॉट टेस्टिंग घेतं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या पेलेटचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेले, तुमच्या नळीतनं वेगवेगळे ग्रुप देतात, म्हणजे टार्गेटवरची भोकं कमी-जास्त पसरतात, आणि 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा हा फरक दिसतोच. रायफल क्लॅम्पमध्ये बांधून दोन-तीन लॉट मारून बघा, क्लबमध्ये क्लॅम्प नसेल तर चार जणी मिळून कोचच्या मागं लागा. जो लॉट जमला त्याचे डबे सीझनभराचे एकदम घ्या, नंतर तोच लॉट नंबर मिळत नाही.