तीस टक्के ‘स्कॉलरशिप’ आणि शून्य फी

उदगीरहून एका आईचं पत्र आलंय. मोठी लेक बारावी सायन्सला ७८ टक्के, सीईटीला ८८ पर्सेंटाइल. ओबीसी प्रवर्गातून कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत तिला छत्रपती संभाजीनगरच्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळालं. वडील भाड्याचा टेम्पो चालवतात, आई घरी शिवणकाम करतात, उत्पन्नाचा दाखला १ लाख ८० हजारांचा. तेवढ्यात पुण्याच्या एका खासगी विद्यापीठातून फोन आला: कॉम्प्युटरला जागा देतो, तीस टक्के स्कॉलरशिप मंजूर झाली आहे, दोन दिवसांत २५ हजार भरून सीट पक्की करा. आई लिहितात, “मुलीला कॉम्प्युटरच हवंय. गावातला नेट कॅफेवाला म्हणतो, दीड हजार द्या, सगळ्या स्कॉलरशिपचे फॉर्म मी भरतो. कोणकोणत्या मिळतील? पुण्याचे पैसे भरू का? त्यासाठी पाटल्या मोडायच्या का, तेही सांगा.”

ताई, नमस्कार.

पुण्याहून फोन करणाऱ्याने ‘स्कॉलरशिप’ हा शब्द वापरला आणि घोळ तिथूनच सुरू झाला. ती शिष्यवृत्ती नाही, सूट आहे. आषाढात साडीच्या दुकानावर ‘तीस टक्के’ची पाटी लागते ना, त्याच जातीची. मूळ किंमत त्यांनीच लावायची आणि कमीही त्यांनीच करायची.

तुम्ही पाठवलेले आकडेच मांडू. विद्यापीठाची फी वर्षाला २ लाख ६० हजार. तीस टक्के गेले की १ लाख ८२ हजार. ही सूट चारही वर्षं राहिली तर ७ लाख २८ हजार. पण तुम्ही फोटो पाठवलेल्या त्यांच्या पत्रकात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की दुसऱ्या वर्षापासून सूट चालू ठेवायला ८ सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी ८ गुणांक लागेल. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात गणिताचा आणि मेकॅनिक्सचा पेपर भल्याभल्यांना आडवा येतो. ते ८ हुकले की पुढची तीन वर्षं पूर्ण फी, म्हणजे एकूण ९ लाख ६२ हजार.

आता संभाजीनगर. तिथली पावती तुम्ही नीट पाहिली नाहीत असं मला वाटतं, कारण पत्रात “तिकडेही ९६ हजार आहेतच” असं लिहिलंय. त्या ९६ हजारांत शिक्षण शुल्क ८४ हजार आणि डेव्हलपमेंट फी १२ हजार. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ते निम्मं माफ होतं. म्हणजे तुमच्या लेकीचे ८४ हजार शून्य होतात. चार वर्षांची डेव्हलपमेंट फी ४८ हजार आणि वरचा किरकोळ खर्च, एवढंच कॉलेजला द्यायचं.

एक अट मात्र आहे, आणि फोनवाला ती सांगणार नाही. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश असेल तर माफी नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना तर ही योजनाच लागू नाही. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्यासमोर अशी दोन-तीन घरं येऊन बसतात. मुलगी हुशार, दाखले सगळे जागेवर, आणि प्रवेश अशा ठिकाणी झालेला की फॉर्म भरायला गेल्यावर यादीत कॉलेजचं नावच दिसत नाही. तेव्हा “आता कोणती शिष्यवृत्ती मिळेल” याला माझ्याकडे फारसं उत्तर नसतं. आपल्याकडची सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती अर्जाच्या वेळी नाही, प्रवेशाच्या वेळी मिळते किंवा जाते.

त्यामुळे पुण्याचे २५ हजार भरू नका. कॅपची जागा मुदतीत स्वीकारा. पुढच्या फेरीत त्याच प्रक्रियेतून कॉम्प्युटर मिळत असेल तर बेटरमेंटचा, म्हणजे हातची जागा राखून वरची मागण्याचा पर्याय ठेवा, न मिळालं तर ई अँड टीसी काही वाईट नाही. त्या शाखेची मुलं सॉफ्टवेअरमध्ये ढिगाने जातात. लेकीला हे माझ्या नावाने सांगा. आईच्या तोंडून तिला पटायचं नाही.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजचा क्लार्क म्हणेल, “आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ.” माफीची रक्कम मुलींकडून प्रवेशाच्या वेळी घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. भांडू नका. त्या शासन निर्णयाची प्रिंट पिशवीत ठेवा आणि प्राचार्यांच्या नावाने दोन ओळींचा अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का मागा. शिक्का मागितला की बोलणं बरंच मऊ होतं, हा माझा अनुभव आहे.

आता कॅफेवाल्याचं. दीड हजार हा मुद्दा नाही, मोबाइल नंबर हा मुद्दा आहे. ही मंडळी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर खातं उघडताना स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकतात, पासवर्ड त्यांच्या वहीत. पुढे अर्जात त्रुटी निघाली, दाखला अस्पष्ट म्हणून कॉलेजने अर्ज परत पाठवला, तर तो निरोप त्याच्या फोनवर जातो. तो बघत नाही. मुदत संपते. तुम्ही फेब्रुवारीत विचारायला जाता, तेव्हा अर्ज तसाच पडलेला असतो. कॅफेत बसा, स्कॅनिंगचे पैसे द्या, पण नंबर मुलीचा, ईमेल मुलीचा, पासवर्ड तिच्या वहीत आणि अर्ज क्रमांकाची प्रिंट तुमच्या ट्रंकेत. अर्ज ऑनलाइन भरला की काम संपलं असंही नाही. त्याची प्रत कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्यायची आणि दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून तो कुठल्या टेबलावर अडकलाय ते बघायचं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण पुन्हा करायचं, ते आपोआप होत नाही.

आता बँकेचं. माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता पोर्टलवर ‘जमा’ दिसत होता आणि पासबुकात काहीच नव्हतं. बँकेत चार चकरा, मॅनेजरशी वाद, आई रडकुंडीला. शेवटी निघालं काय? अकरावीत असताना सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन त्याच्या नावाने एक मोबाइल खातं उघडून दिलं होतं. आधार शेवटचं जोडलं गेलं ते त्या खात्याला, आणि सरकारी पैसे आधारमागे जातात, अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकामागे नाही. १४ हजार रुपये त्या खात्यात वर्षभर पडून होते, आणि ते खातं आहे हे पोराला माहीतही नव्हतं. बँकेत “आधार लिंक आहे का” विचारलं की ते हो म्हणतात, कारण केवायसीला आधार दिलेलं असतं. विचारायचं ते “आधार सीडिंग याच खात्याला आहे का?”, म्हणजे आधारमागे येणारे सरकारी पैसे याच खात्यात पडतील का. मायआधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ हा पर्याय आहे, तिथे बँकेचं नाव दिसतं. लेकीला आजच बघायला सांगा.

दाखल्यांचं तुम्ही बरंच केलंय. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे हे वाचून जीव भांड्यात पडला, निम्मी घरं तिथेच अडकतात. उत्पन्नाचा दाखला तेवढा तपासा. खाली ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. तुमच्याकडचा मागच्या आर्थिक वर्षाचा असेल तर नवा काढा: तलाठ्याचा अहवाल, मग सेतू, मग तहसीलदारांची सही. नॉन-क्रिमीलेअरची तारीखही बघा. आणि नावं जुळवा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, हे चालतं. पण वडिलांच्या नावात एकीकडे ‘राव’ आणि दुसरीकडे नाही, हे एखाद्या टेबलावर चालत नाही.

फी सुटली तरी राहणं-जेवण उरतंच, आणि तुमच्या घरासाठी खरा प्रश्न तोच आहे. आधी संभाजीनगरच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना’ आहे. वसतिगृह न मिळालेल्या ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी थेट खात्यात पैसे मिळतात, मुंबई-पुणे-नागपुरात वर्षाला ६० हजारांपर्यंत, इतर शहरांत त्याहून कमी. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, म्हणजे तुम्ही बसता. निवड गुणवत्तेवर होते आणि जागा मोजक्या असतात, म्हणून जाहिरात निघाली की त्याच आठवड्यात अर्ज. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आहे का तेही विचारा. ग्रंथालयात दोन तास काम केल्याने अभ्यास बुडत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी या राज्यात अख्ख्या पिढ्या त्यावर शिकवल्या.

तुम्ही विचारलेल्या ‘प्रगती’बद्दल. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची ही शिष्यवृत्ती तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आहे, वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्न ८ लाखांच्या आत. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. ऐकायला छान, पण एकाच वर्षी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. तुमच्या बाबतीत ८४ हजारांची माफी ५० हजारांपेक्षा मोठी आहे, तेव्हा माफीच घ्या. उद्या बेटरमेंटमध्ये शासकीय कॉलेज मिळालं आणि शिक्षण शुल्क ५० हजारांच्या बरंच खाली आलं, तर हिशेब उलटा होईल आणि ‘प्रगती’ बरी पडेल. दहा ठिकाणी अर्ज करून “जे लागेल ते” हे म्हणून सोपं वाटतं, पण आधार एकच असल्याने दुहेरी लाभ पकडला जातो आणि वसुलीची नोटीस येते.

खासगी ट्रस्ट आणि कंपन्यांच्या शिष्यवृत्त्यांचं तसं नाही. बहुतेक ठिकाणी सरकारी माफी असली तरी अर्ज चालतो, फक्त ती लपवायची नाही. रिलायन्स फाउंडेशनची पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आहे: ५ हजार विद्यार्थी, संपूर्ण पदवीसाठी २ लाखांपर्यंत, एक ऑनलाइन अभियोग्यता चाचणी. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर प्राधान्य मिळतं. कोटक कन्या खास मुलींची, पण कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाची किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीतल्या दर्जाची अट असते, ती आधी वाचा. शिवाय तुमच्या समाजाची मंडळं, लातूरच्या बँका आणि पतसंस्था. त्यांची जाहिरात नेटवर नसते, वार्षिक सभेच्या अहवालात मागच्या पानावर असते. पाच हजार, सात हजार मिळतात. मेसचे दोन महिने निघतात.

या अर्जांत ‘स्वतःबद्दल ३०० शब्द’ मागतात. लेकीने नमुना म्हणून पाठवलेला मजकूर वाचला: “मी एका गरीब पण कष्टाळू कुटुंबातून आले असून शिक्षणाने देशाची सेवा करण्याची माझी इच्छा आहे.” हे वाचणाऱ्याने सकाळपासून असे दोनशे वाचलेले असतात. तिच्या पत्रातली दुसरीच एक ओळ मला आवडली, जी तिने सहज लिहिली होती. तुमच्या पिको मशीनची मोटर जळली तेव्हा तिने यूट्यूबवर बघून कार्बन ब्रश बदलला आणि दुकानदाराने सांगितलेले नऊशे रुपये वाचवले. अर्ज तिथून सुरू करायचा. इलेक्ट्रॉनिक्स शिकायला निघालेल्या मुलीकडे याहून चांगलं पहिलं वाक्य कुठे असणार?

धाकटा दहावीत आहे म्हणालात. शंभर टक्के माफी मुलींना आहे, ओबीसी मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्काची निम्मीच सवलत मिळते, तेव्हा त्याचं गणित आत्तापासून वेगळं धरा. सायन्सला गेला तर जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. बहिणीचं प्रमाणपत्र असल्याने त्याचं लवकर होईल.

हा कॉलम वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच, की प्रवर्ग बदलला की योजनेचं नाव बदलतं. अनुसूचित जातीला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शिष्यवृत्ती आणि त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, राहण्यासाठी स्वाधार. आदिवासी मुलांना राहण्या-जेवणासाठी स्वयंम. खुल्या प्रवर्गाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आणि वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. कॅपची अट मात्र शुल्काच्या बाबतीत बहुतेक सगळीकडे भेटेल.

राहिल्या पाटल्या. डेव्हलपमेंट फीचे १२ हजार, वसतिगृहाची अनामत, मेसचा पहिला महिना, ड्रॉइंगचं सामान आणि गादी धरून पहिल्या महिन्यात तीस हजारांच्या आसपास लागतील. ज्ञानज्योती योजनेचे पैसे आले तरी काही महिन्यांनी येतात. तेवढ्यासाठी पाटल्या मोडू नका. फारच अडलं तर एकच पाटली राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवा, सराफाकडे नको, आणि पावतीवरची मुदत कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. जागा स्वीकारल्याची पावती हातात आली की मला फोटो पाठवा. लॉगिन उघडून पुढचा फॉर्म आपण दोघी आणि तुमची लेक मिळून भरू.